सगळे एकदम बोलतात तेव्हा



आज बोलण्यासाठी मी संगीतकार दोमेनिको चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’, म्हणजे ‘गुप्त विवाह’, हा ऑपेरा निवडला आहे. ७ फेब्रुवारी १७९२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात तो पहिल्यांदा रंगला. मोत्सार्टला जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. सम्राट लिओपोल्ड दुसरा इतका खूश झाला, की मंडळींना जेवू घालून त्याच रात्री त्याने संपूर्ण ऑपेरा पुन्हा करवून घेतला, अशी हकीकत सांगतात. एका गाण्याला नव्हे, अख्ख्या ऑपेराला वन्समोअर!

कथा बोलोन्यातल्या एका घरात घडते. जेरोनिमो हा गडगंज व्यापारी. कानाने अधू, पण पैशाच्या बाबतीत तल्लख. त्याला थोरल्या एलिझेत्तासाठी सरदार घराण्यातला जावई हवा आहे. धाकट्या कारोलिनाने मात्र वडिलांच्या पदरी असलेल्या पाओलिनोशी गुपचूप लग्न उरकले आहे. काउंट रॉबिन्सन नवरी पाहायला येतो आणि धाकटीवरच भाळतो. एलिझेत्ता पेटून उठते. इकडे घरातली श्रीमंत विधवा आत्या फिदाल्मा हिचाही पाओलिनोवर जीव जडला आहे! ती त्याला लग्नाचे विचारते, तेव्हा बिचारा मूर्च्छित पडतो आणि तिला वाटते, आनंदानेच.

काउंट सांगतो, धाकटी द्या, मी अर्ध्या हुंड्यावर पाणी सोडतो. थोरलीला नाकारल्यामुळे संतापलेला जेरोनिमो एवढे ऐकताच निवळतो. थोरलीची संमती असेल तर आपली हरकत नाही, म्हणतो. दोन भारदस्त पुरुषी आवाजांचे हे युगुलगीत हसवता हसवता बोचते. दोन मुलींच्या आयुष्याचा सौदा चालला आहे आणि वाद्यवृंद खुशीत उड्या मारतो आहे.

पण मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते पहिल्या अंकातल्या तिघींच्या गाण्याबद्दल. काउंटीण होण्याच्या तोऱ्यात थोरली मोठेपणा मिरवते, धाकटी खोटा नमस्कार करून तिला डिवचते, आत्या दोघींना आवरू पाहते. गद्य नाटकात तिघी एकदम बोलल्या तर नुसता गलका होईल. इथे तिन्ही ओळी एकमेकींत विणल्या जातात आणि तरी प्रत्येकीचे मन वेगळे ऐकू येते. चिमारोझाचे मोठेपण मला इथे दिसते. या चढाओढीतल्या कोणालाही तो खलनायक करत नाही. मत्सर करणाऱ्या एलिझेत्तालाही तो खरे, सुरेल गाणे देतो. मग आपल्याला तिचा राग राग करता येत नाही.

जोवान्नी बेर्ताती याची ही संहिता कोलमन आणि गॅरिक यांच्या ‘द क्लँडेस्टाइन मॅरेज’वर आधारलेली. ते नाटक १७६६ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेनवर आले. त्याच रंगमंचावर पाच वर्षे आधी आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ आले होते, ज्यावरून देवलांनी आपले ‘संशयकल्लोळ’ उभे केले. त्यातला फाल्गुनराव आणि जेरोनिमो हे एका अर्थाने एकाच वाड्यातले शेजारी. संशयावर चालणारी, गाण्याने फुलणारी ही सुखात्मिका आपल्या कानांना परकी वाटत नाही, यात नवल ते काय?

दुसऱ्या अंकात आत्या आणि थोरली मिळून धाकटीला मठात धाडण्याचा बेत करतात. कारोलिना आणि पाओलिनो रात्री पळून जायला निघतात. धाकटीच्या खोलीत काउंट आहे, अशा समजुतीने एलिझेत्ता सगळे घर उठवते; पण काउंट बाहेर येतो तो आपल्या स्वतःच्या खोलीतून, आणि धाकटीच्या खोलीतून नवरा-बायको. गुपित फुटते. तेव्हा काउंटच त्या दोघांसाठी रदबदली करतो आणि थोरलीशी लग्नाला तयार होतो.

हा शेवट मला पटत नाही. ज्याने सगळ्यांसमोर आपल्याला नाकारले, तोच एलिझेत्ताच्या वाट्याला येतो, तोही धाकटीच्या प्रेमाखातर. त्यावर तिला काय वाटले, हे सांगायला तिला स्वतंत्र गाणे हवे होते. ते न देता चिमारोझा सहाही जणांना शेवटच्या धांदलीत ओढतो.