बाईचे राबणे हिशेबात धरा
(चारकोप, मुंबई येथील बैठकीतील भाषण)



चारकोपची ही वस्ती जागतिक बँकेच्या कर्जातून पाडलेल्या प्लॉटांवर उभी राहिली. इथे राहणारी आपली गावाकडची माणसे जाणतात, की कागदावर ज्याचे नाव त्याचे घर. जमिनीचेही तसेच आहे. म्हणून आज आपण आकड्यांबद्दल बोलू.

भावाचे आंदोलन उभे राहिले तेच हिशेबातून. क्विंटलभर कापसाला खर्च किती येतो हे आपण मांडले, तेव्हा लूट उघडी पडली. जे मोजले जात नाही, त्याचे मोल कुणी देत नाही. मग निंदणी कोण करते? वेचणी कोण करते? ज्वारीची कणसे कोण खुडते? ती बाई हिशेबात कुठे आहे?

जनगणनेत 'काम करता का' असे विचारले, की घरचा कर्ता सांगायचा, 'ती घरीच असते.' १९९१ च्या जनगणनेत प्रश्नातच खुलासा घातला, की घरच्या शेतावरचे बिनमजुरीचे कामही धरा. बाई आधीही राबतच होती. विचारणारा तेव्हा कुठे नीट विचारू लागला.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या १०० वहितीदारांत बाया सुमारे १४. पाच वर्षांपूर्वी त्या १३ होत्या. या चालीने निम्म्यावर यायला किती पिढ्या लागतील, ते तुम्हीच मोजा. त्यातही ही गणना जमीन कसण्याचा कारभार कोणाकडे ते पाहते, मालकी कोणाची ते नाही.

आकडा नीट वाचायलाही शिकले पाहिजे. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकामाला बायांची रोज २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. वाटते, पुरुषही दीड तास हातभार लावतो. पण ही सरासरी घरकाम करणाऱ्यांपुरती आहे. असे पुरुष १०० त २६ च. बाकीचे ७४ त्या सरासरीत नाहीतच.

पंचायतीत निम्म्या जागा बायांना मिळाल्या, हा आकडा चांगला. पण सही तिची आणि कारभार नवऱ्याचा असेल, तर हा आकडा अर्धेच सांगतो.

सर्वांत कडू गोष्ट आत्महत्यांची. सातबारा नावावर नसलेल्या बाईने शेतीच्या कर्जापायी जीव दिला, तर नोंद होते 'गृहिणी'. मेल्यावरही ती शेतकरी ठरत नाही.

यावरचा रस्ता आपल्याच चळवळीने दाखवला आहे. १९८६ साली चांदवडला बाया लाखांनी जमल्या. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. ज्या गावात शंभर घरांनी हे केले, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. असा साधा, कुणालाही तपासता येणारा मोजमापाचा दांडा दुसरा नाही.

तेव्हा गावोगाव चार आकडे काढा. सातबाऱ्यावर बाया किती? सोसायटीच्या सभासद किती? कापसाचा पैसा बाईच्या खात्यात किती घरांत येतो? ग्रामसभेत बोलल्या किती? कागद चावडीत लावा. पुढच्या वर्षी तेच चार आकडे पुन्हा काढा. आकडा हलला नाही, तर आपली भाषणे वाया गेली असे समजा.