सम्राटाचा पाय दुखला आणि एक देश उभा राहिला

लाकडाच्या मोळीची गोष्ट शाळेत ऐकली असेलच. एकेक काडी मोडते, मोळी मोडत नाही. बल्गेरियात हीच गोष्ट कुब्रात नावाच्या राजाची म्हणून सांगतात. सातव्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तरेला बल्गार लोकांचं मोठं राज्य होतं, त्याचा हा राजा. पोरं पाच. बाप म्हणाला, एकत्र राहा.

नाही राहिली. बाप गेला, पूर्वेकडून खजार आले आणि राज्य फुटलं. थोरला तिथंच थांबला आणि खजारांना खंडणी देऊ लागला. बाकीचे पांगले. तिसरा अस्पारुख. तो आपली माणसं घेऊन पश्चिमेला निघाला, नीपर आणि नीस्टर ओलांडून डॅन्यूबच्या मुखाजवळ आला. जागेचं नाव ओंग्लोस. सगळी दलदल. राहायला वाईट, लपायला एकदम बेस्ट.

आता समोर कोण? बायझंटाइन सम्राट चौथा कॉन्स्टंटाइन. नुकतंच अरबांना कॉन्स्टँटिनोपलपासून परतवून लावलेला माणूस. त्याच्यापुढे हे घर गमावलेले घोडेस्वार म्हणजे किरकोळ काम! 680 मध्ये तो फौज आणि आरमार दोन्ही घेऊन आला. बल्गार आपल्या तटबंदीत शिरले आणि बाहेरच येईनात. चिखलात फौजेला धड लढता येईना. तीन-चार दिवस असेच गेले.

आणि मग सम्राटाचा पाय दुखायला लागला. सिरियसली! गाऊट. पाच जहाजं घेऊन तो मेसेंब्रियाला स्नानोपचारासाठी गेला, आणि घोडदळात आवई उठली की महाराज पळाले. झालं, फौजच पळत सुटली. बल्गार मागे लागले, डॅन्यूब ओलांडून थेट वार्नाच्या परिसरात पोचले.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. ही हकीगत थिओफनीस आणि निकेफोरस यांनी लिहिली, दोघंही बायझंटाइन आणि तेही शंभरेक वर्षांनंतर. हरलेल्या बाजूला दुखरा पाय हे कारण सोयीचंच, नाही का? अस्पारुखची बाजू सांगणारं त्याच्या काळातलं काहीच हाती नाही.

पण मला विचाराल तर लढाईपेक्षा पुढचं काम अवघड होतं. नदीपलीकडे स्लाव टोळ्या आधीपासून राहत होत्या. सेवेरी आणि आणखी सात टोळ्या, संख्येनं बल्गारांपेक्षा जास्त. अस्पारुखनं त्यांना हाकललं नाही. सेवेरींना पूर्वेकडच्या डोंगरखिंडीत बसवलं, बाकीच्यांना दक्षिण आणि पश्चिम सरहद्दीवर, अवारांच्या तोंडावर. म्हणजे राखण त्यांची, राज्य ह्याचं. हुशार माणूस! आपल्या भावांना जे जमलं नाही ते त्यानं परक्यांबरोबर जमवलं.

681 मध्ये सम्राटानं तह केला आणि दरवर्षी बल्गारांना पैसे द्यायचं कबूल केलं. थिओफनीसला ही रोमनांची नाचक्की वाटते. बल्गेरियात मात्र तेच वर्ष राज्याची सुरुवात मानतात. 1981 मध्ये 1300 वर्षं झाली म्हणून तिथं मोठा सोहळा झाला, शुमेनच्या टेकडीवर अवाढव्य काँक्रीटचं स्मारक उभं राहिलं.

गंमत म्हणजे बल्गारांची भाषा तुर्की कुळातली होती. पुढं ते त्या स्लावांमध्येच मिसळले. आजची बल्गेरियन भाषा स्लाव आहे. अस्पारुखला तिथलं बोलणं फारसं कळलं नसतं, देशाचं नाव तेवढं ओळखीचं वाटलं असतं.

पुढच्या भागात खान क्रुम. 811 साल, आणि एका सम्राटाच्या कवटीचा पेला. जेवताना ऐकू नका. भेटूच!