कौतुकाची किंमत



मोझार्टची कीर्ती सर्वश्रुत आहे. त्याच्या थोरल्या बहिणीची कथा मात्र शिक्षकांनी विशेष मननपूर्वक पाहावी अशी आहे. मारिया आन्ना हिचा जन्म १७५१ साली साल्झबर्ग येथे झाला. वडील लिओपोल्ड हे व्हायोलिनवादनावर ग्रंथ लिहिणारे नाणावलेले शिक्षक. दोन्ही मुलांना त्यांनीच घडविले आणि १७६३ साली त्यांना घेऊन ते दौऱ्यावर निघाले. तो दौरा सुमारे साडेतीन वर्षे चालला. लंडनच्या जाहिरातींत मुलांची वये कमी करून छापली गेली. वाद्याच्या पट्ट्या कापडाने झाकून त्यांना वाजवावयास लावले. १७६५ साली हेग येथे मारिया आन्ना इतकी आजारी पडली की, मृत्युसमयीचे धर्मसंस्कारही उरकण्यात आले. ती वाचली. पुढे १७६९ साली पिता पुत्रास घेऊन इटलीस गेला. अठरा वर्षांची कन्या घरीच राहिली. तिचे दौरे संपले होते.

लिओपोल्ड दुष्ट नव्हते. मुलांवर त्यांची माया होती. परंतु गुरू, पिता आणि व्यवस्थापक एकच झाल्यावर मुलाने गाऱ्हाणे न्यावे कोणाकडे?

आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपुरते मर्यादित केले असून, त्याच्या संमतीविना त्यास उभे करता येत नाही. तथापि नियमाची नजर पोहोचत नाही तेथे हजेरीपट पोहोचतो. रात्री टाळ्या मिळविणारे मूल सकाळी वर्गात पेंगत असेल, तर गुरुजींनी त्यास रागावू नये. त्याच्या घरी जावे.