वीणेची घोडी आणि विवर्धकाची नलिका



तंजावूरमध्ये नादाविषयी बोलावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचे काम आहे. रघुनाथ नायकांच्या राजवटीत चोवीस स्थिर पडद्यांच्या वीणेला आजचे रूप आले, असे येथील परंपरा मानते. त्यानंतर व्यंकोजीराजांच्या वंशातील भोसले राजे येथे आले, आणि संगीताला आश्रय देण्यात तेही मागे राहिले नाहीत. त्यांच्यातील तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा शास्त्रग्रंथच रचिला. ज्या गावातील कारागीर फणसाच्या खोडावर टिचकी मारून त्यातील वीणा ओळखतात, त्या गावाला नाद म्हणजे काय ते मी काय सांगणार?

तरीही एका प्रश्नाने मला येथे आणले आहे. गिटार वाजविणारे तरुण मला नेहमी विचारतात, ‘नलिकांचा विवर्धक घेतला, चार पेडल घेतली; तरी आवाजाला गोडी का येत नाही? आता कोणते पेडल घ्यावे?’ वीणावादकांचा प्रश्न निराळ्या शब्दांत, परंतु तोच आहे. ‘घरी वीणा बोलते, सभागृहात ध्वनिवर्धकातून तीच पत्र्यासारखी का वाजते?’ या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे असे मला वाटते, आणि ते शोधण्यास वीणेपासून आरंभ करणे सोयीचे होईल.

आपले संगीतशास्त्र नादाचे तीन गुण सांगते: तारता, तीव्रता आणि जाती. स्वर उंच की खालचा, ही तारता. तो मोठा की लहान, ही तीव्रता. तोच स्वर तितक्याच जोराने वीणेवर, बासरीवर आणि गळ्यातून काढला, तरी आपण डोळे मिटून तिन्ही वेगळे ओळखतो; तो भेद जातीचा. ही जाती ठरते ती मूळ स्वराबरोबर निघणाऱ्या उपस्वरांवरून. तार अखंड कंप पावते, त्याच वेळी ती दोन, तीन, चार भागांतही कंप पावत असते. दुसरा उपस्वर वरच्या सप्तकातला षड्ज, तिसरा त्याच्या वरचा पंचम, पाचवा आणखी वरचा गांधार. यांपैकी कोणाचे बळ किती, यातच वाद्याचे व्यक्तिमत्त्व असते.

आता वीणेची घोडी पाहा. लाकडी घोडीवर धातूची पट्टी बसविलेली असते. वरवर ती सपाट दिसते. परंतु तिच्या पाठीला अगदी सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. हा उतार कानसेने आणि कानाने जुळवावा लागतो. एखादा फटका अधिक पडला तर स्वर मुका होतो, एखादा कमी पडला तर तो झणझणतो. मिरजेचे तंबोरा-सतारीचे कारागीर ज्याला जवारी काढणे म्हणतात, त्याच कुळातील हे काम आहे.

या घोडीचे रहस्य ज्यांनी प्रयोगाने दाखविले ते शास्त्रज्ञ येथून जवळच, तिरुचिरापल्लीला जन्मले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात काम करीत असताना १९२१ मध्ये काही भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निःस्पंद येतो, तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा जुना नियम होता. रामन यांना आढळले की तंबोरा आणि वीणा हा नियम मोडतात. जो उपस्वर नसावा, तोही तेथे स्पष्ट ऐकू येतो. कारण घोडी ही तारेचे निमूट टेकण नाही. ती तारेच्या कंपनात हस्तक्षेप करते आणि उपस्वर उत्पन्न करते. तारेने दिले तेवढेच पुढे पोचविणे हे तिचे काम नव्हे. नादाला श्रीमंत करणे हे तिचे काम होय.

ही गोष्ट मनात ठेवून आपण विवर्धकाकडे वळू. निर्वात नलिकेत एक तापलेला ऋणाग्र असतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. समोरची पट्टिका त्यांना ओढून घेते. मध्ये एक जाळी असते, आणि जाळीवरील विद्युत्‌दाबात किंचित फरक केला की पट्टिकेकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. लहानाने मोठ्याला वळवावे, हेच विवर्धनाचे तत्त्व. गिटारच्या विवर्धकात बहुधा आरंभीच्या पायऱ्यांवर ‘१२ एएक्स ७’ जातीच्या लहान नलिका आणि शेवटी ‘६ एल ६’ किंवा ‘ईएल ३४’ यांसारख्या मोठ्या नलिका असतात.

हे विवर्धक रचणाऱ्यांना आवाज बिघडवायचा नव्हता. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना मोठा पण स्वच्छ आवाज हवा होता. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास जो विवर्धक तयार झाला, तो फेंडर यांच्याच एका नमुन्यावर बेतलेला होता. वादकांनी मात्र हे यंत्र त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलले. मर्यादेला पोचलेली नलिका लहरींचे माथे दाबते. परंतु ती ते एकदम छाटीत नाही, हळूहळू गोलावते. लहरीचा आकार बदलला म्हणजे नवे उपस्वर जन्मले. नलिकेच्या एकेरी पायरीत लहरीच्या दोन्ही बाजू सारख्या दबत नाहीत, म्हणून वरच्या सप्तकातला षड्जही त्यात मिसळतो आणि आवाज भरदार वाटतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या मंडलात बहुधा माथा एकदम कापला जातो. म्हणून तेथे वरचे कर्कश उपस्वर अधिक येतात.

म्हणजे आपल्या घोडीची पट्टी आणि त्यांची तापलेली नलिका एकाच जातीचे काम करतात. दोन्ही साधने सरळपणा थोडा मोडतात, आणि त्या मोडण्यातून नाद समृद्ध होतो. परंतु दोहोंना एकच अट आहे: हे मोडणे मापात असले पाहिजे.

माप कोठे सुटते तेही पाहू. एकच तार वाजत असेल तर नवे उपस्वर तिच्याच कुटुंबातले असतात. एकाच वेळी तीन-चार स्वर वाजविले तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे परके स्वर निर्माण होतात, आणि चिखल होतो. म्हणूनच पूर्ण तापलेल्या विवर्धकावर षड्ज-पंचमाची जोडी शोभते, भरगच्च स्वरसंघ शोभत नाही. ज्याला यंत्राचा हा स्वभाव कळला, त्याचे अर्धे काम झाले.

आता माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बैठकीत ध्वनियोजना माझ्याकडे होती. वीणेच्या अंगाला एक छोटी स्फटिक चकती चिकटवून तिची तार मी सरळ ध्वनिक्षेपकाच्या खोबणीत जोडली. आवाज पातळ, टोकदार आला. मी तो वाढविला. तो अधिकच टोचू लागला. खालच्या तारा जणू वाद्यावर नव्हत्याच. वादकांनी दुसऱ्या कृतीनंतर शांतपणे मला सांगितले, ‘हे बंद करा. कमी ऐकू आले तरी चालेल. पण जे ऐकू येईल ते वीणेचे असू द्या.’

घरी येऊन मी कारण शोधले. स्फटिकाची चकती विद्युत्‌दृष्ट्या लहानशा धारित्रासारखी असते. तिला ज्या खोबणीत जोडावयाचे तिचा रोध फार मोठा, दशलक्ष ओहम किंवा त्याहून अधिक, असावा लागतो. मी वापरलेल्या खोबणीचा रोध दोन-चार हजार ओहमच होता. अशा जोडणीत मंद्राचे स्वर वाटेतच गळून जातात आणि वरची खरखर तेवढी उरते. दोष वीणेचा नव्हता, स्फटिकाचाही नव्हता. तो माझ्या जोडणीचा होता. आणि गंमत अशी की, गिटारच्या नलिका-विवर्धकाच्या तोंडाशी नेमका दशलक्ष ओहमचाच रोध ठेवण्याची रीत आहे, कारण नलिकेची जाळी जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही. हलक्या आवाजावर ठेवलेला तसा एखादा विवर्धक त्या दिवशी माझ्या महागड्या सामग्रीपेक्षा वीणेशी अधिक सभ्यपणे वागला असता.

यातून जो क्रम मी शिकलो तो सांगतो. प्रथम हात, नंतर तार, मग घोडी आणि लाकूड. त्यानंतर स्पंदग्राहक, विवर्धक, कर्णा. आणि सर्वांत शेवटी पेडल. आधीच्या पायरीत जे नाही ते पुढची पायरी देऊ शकत नाही. ती फक्त असलेल्यावर रंग चढवू शकते. गिटारवादकाने सर्व पेडल बाजूला ठेवावीत. विवर्धकाच्या स्वरकळा मध्यावर ठेवून वाद्य सरळ जोडावे, आणि केवळ बोटांच्या जोराने व वाद्यावरील आवाजाच्या कळीने सौम्य ते तिखट असा पल्ला काढता येतो का ते पाहावे. तो निघाला की मग पेडल घ्यावे. त्यांचाही क्रम असतो. आधी स्वराची पातळी सम करणारे, मग आवाज तापविणारे, शेवटी प्रतिध्वनी देणारे. प्रतिध्वनी आधी ठेवला तर मागचा स्वर आणि पुढचा स्वर एकत्र तापतात, आणि पुन्हा चिखल होतो. कर्णाही विसरू नये. गिटारच्या कर्ण्याचा कागदी शंकू फार वरची खरखर स्वतःच गाळून टाकतो. म्हणून सभागृहात ध्वनिक्षेपक त्या शंकूसमोर ठेवणे हितावह असते.

येथेच एक इशारा देतो. नलिकांच्या विवर्धकात तीनशे ते पाचशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो धारित्रांत काही काळ साठून राहतो. जाणत्या माणसाशिवाय पेटी उघडू नये, आणि कर्णा जोडल्याशिवाय ती चालूही करू नये. अन्यथा आतील रोहित्र जळण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, परदेशी यंत्राचे हे कौतुक वीणेच्या गावात कशाला? त्यांना मी या भूमीतलेच उदाहरण देईन. व्हायोलिन परदेशी होते. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बालुस्वामी (१७८६–१८५८) यांनी ते युरोपीय वादकाकडून शिकून घेतले. तंजावूरच्या प्रसिद्ध चार भावांपैकी वडिवेलु यांनी ते मैफलीत रुजविले. दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या पदरी तर पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता. आपल्या लोकांनी त्या वाद्याची लाकडी रचना बदलली नाही. त्यांनी तारांची जुळणी षड्ज-पंचमावर आणली, वाद्य मांडी घालून पायावर टेकविले, आणि त्याच्याकडून गमक वदवून घेतले. पुढे उप्पलपु श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी विजेच्या मँडोलिनवर तेच केले. यंत्र बाहेरचे होते, पण त्याची परीक्षा घेणारा कान येथला होता. म्हणून ती वाद्ये आपली झाली.

आज धोका परदेशी यंत्राचा नाही. कान आळशी होण्याचा आहे. २०१३ मध्ये तंजावूर वीणेला भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नोंद नावाचे रक्षण करते, नादाचे नव्हे. सभागृहात जर वीणा नेहमी पत्र्यासारखीच ऐकू येऊ लागली, तर श्रोता तोच तिचा आवाज समजेल. मग घोडीच्या पट्टीवर दिवसभर कानस फिरविणाऱ्या कारागिराला एके दिवशी कोणी तरी विचारील, ‘इतका वेळ कशाला घालवता? ध्वनिवर्धकातून कुठे कळते?’ त्या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नसेल, कारण उत्तर त्याने नव्हे, आपण द्यावयाचे आहे.

म्हणून आपणास एवढीच विनंती आहे. बटणाला हात घालण्यापूर्वी वाद्य एकदा यंत्रावाचून, जवळ बसून ऐका. तो आवाज मनात ठेवा. नंतर यंत्र लावा आणि दोन्ही आवाज ताडून पाहा. तीव्रता वाढली पण जाती गेली असेल, तर यंत्र बदला, जोडणी बदला, आणि काहीच साधले नाही तर श्रोत्यांना थोडे पुढे सरकून बसावयास सांगा.