जोत्यात काय भरावे?

मंडळी, जोते दोन हात उंच बांधले, तरी आतली भर चुकली की ओल वर येतेच. कणगीतले धान्य कुबट होते. लेकरे त्याच जमिनीवर निजतात.

काळी माती फुकट मिळते. पण ती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. आम्ही तर म्हणू, ती शेतातच बरी! पेंढा उबदार खरा, पण ओलीने कुजतो, वाळवीही लागते.

तळाशी वीतभर दगडगोटे घाला. त्यांत माती मिसळू नका. मोकळ्या फटींतून ओल वर चढत नाही. त्यावर मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, धुमसाने चोपा.

भाताचे तूस ऊब राखते, लवकर कुजतही नाही. पण ते कोरडेच हवे, म्हणून माळ्यावर पसरा. चुलीच्या वर तेवढे नको.