फाशी आणि तालुक्याचे दप्तर

खुनाच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ नुसार दोनच शिक्षा आहेत: मृत्युदंड किंवा जन्मठेप. दोहोंतली कोणती द्यायची, याचा नियम काळानुसार पार उलटला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशी हा रिवाज होता. ती दिली नाही तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. ही अट १९५५ मध्ये गेली आणि १९७३ च्या संहितेने फाशीसाठीच विशेष कारणे लिहिणे सक्तीचे केले. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी घटनेशी सुसंगत ठरवली, पण ती ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरती राखली. पाचांपैकी एकट्या न्या. भगवतींनी विरोधी मत दिले. समोर कोणते न्यायपीठ बसले आहे यावर आरोपीचा जीव ठरतो, हा त्यांचा आक्षेप आजही खोडला गेलेला नाही.

पारशिवनीत आज पदवी घेणाऱ्यांचे अभिनंदन येथेच उरकलेले बरे, कारण पुढचा विषय सनईच्या सुरावर सांगण्याजोगा नाही.

फाशीच्या बाजूने बोलणाऱ्यांना रक्तपिपासू म्हणून मोडीत काढण्याची सुशिक्षितांना सवय आहे. तो अन्याय आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथून फार दूर नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. तेव्हा विदर्भात उसळलेल्या संतापाच्या मुळाशी एक रास्त प्रश्न होता: इतरांच्या खुनाला फाशी होते, मग दलिताच्या खुनाला का नाही? कायद्यात सर्वांत वरची शिक्षा जी असेल, तिच्यावरूनच मेलेल्याची किंमत मोजली जाणार. प्रतिशोधाच्या युक्तिवादातला हा सर्वांत जड भाग आहे. मात्र ज्यांच्या नावाने दलित समाज उभा राहिला, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी घटना समितीत फाशी रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला होता, हेही नोंदवले पाहिजे.

जरबेचा युक्तिवाद त्या मानाने हलका. फाशीने जन्मठेपेपेक्षा अधिक वचक बसतो, असे जगात कोणालाही ठामपणे दाखवता आलेले नाही. १९६७ च्या विधी आयोगाने फाशी ठेवण्याची शिफारस केली, न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळता ती काढण्याची केली. महिनाभर आधीच, ३० जुलैला, नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात याकूब मेमनला फाशी झाली होती. २५७ बळी घेणाऱ्या १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा तो खटला. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालय पहाटे तीननंतर बसले. कोर्ट आरोपीसाठी रात्री जागते, हे खरे. कोणत्या आरोपीसाठी, हा प्रश्न वकिलांच्या बाररूममध्ये त्या दिवसापासून चघळला जातो.

प्रस्तुत वक्त्याच्या वकिलीची बरीच वर्षे विधी सेवेच्या वकीलपत्रांवर गेली, त्यामुळे इथे थोडे रेंगाळणे क्षम्य मानावे. कायदा सांगतो की दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीला वेगळे ऐकावे. प्रत्यक्षात निकाल जेवणाच्या सुट्टीआधी लागे आणि शिक्षेचे ऐकणे सुट्टीनंतर होई. एका सत्र न्यायालयात असेच विचारले गेले: काही सांगायचे आहे? सरकारी खर्चाने नेमलेले ज्येष्ठ वकील उठले आणि म्हणाले, गरीब आहे, तरुण आहे, घरी म्हातारी आई आहे, दया व्हावी. पिंजऱ्यातला आरोपी मान हलवू लागला. तो चौथीत असतानाच आई वारली होती. त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्या वकिलांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या फीचे बिल दोन वर्षे टेबलाटेबलांवर फिरले, आणि मंजूर झाले तेव्हा टायपिंगचा खर्चही निघाला नाही. नामांकित वकील प्रकरणात येतात ते दिल्लीत, पुरावा कधीच थिजून गेल्यावर. पंचांचे तर विचारूच नये. दोन वेगळ्या गावांच्या पंचनाम्यांवर एकाच दुपारी एकाच पानठेलेवाल्याची सही पाहण्याचा योग या वक्त्याला आला आहे.

अशा कागदांवर उभी राहिलेली फाशी कधी कोसळते, तर कधी कोसळायला फार उशीर होतो. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या हत्याकांडात भटक्या जमातींतील सहा जणांपैकी तिघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झाले. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई मिळाली. ज्या कुटुंबाची माणसे गेली, त्यांना खरा गुन्हेगारही मिळाला नाही. फाशीच्या समर्थकांनी या बाजूचाही हिशेब मांडावा.

दुसरे प्रकरण पुण्याचे आहे. १९९४ मध्ये तेथे एका घरातील पाच स्त्रिया व दोन मुले मारली गेली. खटल्यातील एका आरोपीचे वय पोलिसांच्या कागदांत विशीचे पडले आणि नावही शाळेतल्या नावाहून वेगळे. १९९८ मध्ये फाशी, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब. तो नागपूरच्या तुरुंगात होता. पुढे राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या शाळेची नोंद सापडली, पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी केली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्या वयाला कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षे. त्याने भोगली अठ्ठावीसहून अधिक. फाशी वेळेत झाली असती तर ही नोंद कोणी शोधलीही नसती.

विलंबाने गुंता वाढतो. २००७ च्या पुण्यातील बीपीओ कर्मचारी हत्येत अंमलबजावणीला चार वर्षांहून अधिक उशीर झाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दोघांची फाशी जन्मठेपेत बदलली. मृतेच्या आप्तांनी ती वर्षे कोणत्या आशेवर काढली, याचा विचार दयेच्या फायली हलवणाऱ्यांनी केला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या मनोज खटल्यातील २०२२ च्या निकालाने आरोपीचे बालपण, मानसिक स्थिती, तुरुंगातील वागणूक यांचे अहवाल मागवणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्याच एका प्रकरणात, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळल्यानंतरही, केवळ या कसोट्यांसाठी शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडला गेला.

या वक्त्याचे मत रद्दीकरणाच्या बाजूचे आहे. ते मान्य नसणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: फाशीचा खटला दिल्लीत सुरू होत नाही. तो तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, मरणोत्तर पंचनाम्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या शवविच्छेदन टेबलावर सुरू होतो, आणि अनेकदा त्याच्याही आधी, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात. निम्म्या वर्गाचा वाढदिवस अंदाजाने १ जून लिहिलेली रजिस्टरे महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आजच्या पदवीधरांतून शिक्षक, ग्रामसेवक, शिपाई, डॉक्टर, वकील होतील. शिक्षकाने १ जून टाकण्याआधी मुलाच्या आईला बाळंतपणाची तारीख विचारावी. पोलिसात जाणाऱ्याने आरोपीचे नाव-वय त्याच्या शाळेतून पडताळावे. वकील होणाऱ्याने वकीलपत्र घेतल्यावर आधी त्याच्या गावी जावे, तारीख नंतर मागावी.