निळं काय पडलंय?

मंडळी, भरती-ओहोटी, अमावस्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीचा भांग हे दादरकरांना मी सांगायला नको. ते धरून चालतो. माझं म्हणणं एकच आहे: किनाऱ्यावर अनोळखी जीव दिसला, तर आधी रंग बघू नका. तो कुठे पडलाय ते बघा.

2018च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर ब्लूबॉटल आल्या, अनेकांना डंख झाले. तेव्हापासून निळं दिसलं की आपण ओरडतो, ‘ब्लूबॉटल!’ पण भरतीचं पाणी तरंगत आलेलं सगळं वाळूवर जिथे रेघ मारून टाकतं, त्याच रेघेवर पॉर्पिटाही असते. नाण्याएवढी पांढरट चकती, तिच्यावर एकात एक बारीक वर्तुळं, काठाला निळी झालर. ब्लूबॉटलला फुगा असतो आणि खाली लांब तंतू. फुगा सुकला, जीव मेला, तरी वाळूत गाडलेला तंतू डंख करतो. म्हणून मुलांना आवरा! आणि ब्लूबॉटल हा एक प्राणी नव्हे, वसाहत आहे: कुणी तरंगायचं, कुणी भक्ष्य धरायचं, कुणी पचवायचं. ही दोन्ही जेलीफिश नव्हेत, लांबची भावंडं आहेत. निळी का? दोघी पाण्याच्या पृष्ठभागावर राहतात, तिथे निळाईत लपता येतं. रंग पत्ता सांगतो, नाव नाही. पावसाळी वारा त्यांना किनाऱ्याकडे लोटतो आणि भरती रेघेवर टाकून जाते.

तिसऱ्या रांगेतून प्रश्न आलाय, तो घेतोच. ‘रेघेवर पांढरा, हलका, होडीसारखा तुकडा सापडतो. तोही तरंगणारा जीव का?’ (हशा) हसू नका, प्रश्न नेमका आहे. तो समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्यातही टांगतात. नावात फेस असला तरी ते माकुलाच्या पाठीतलं कवच आहे, आणि माकूल तर पाण्यात खाली-वर पोहतं! मग माझी रेघ खोटी ठरली, असं म्हणाल. मुळीच नाही. तुकडा नखाने खरवडून बघा: पापुद्र्यावर पापुद्रा, मधे अगदी चिंचोळे कप्पे. त्यांत वायू आणि पाणी यांचं प्रमाण बदलून माकूल स्वतःला पाण्यात तोलून धरतं. माकूल मेलं की कवच मोकळं होतं आणि वर तरंगत राहतं. म्हणजे रेघ इथेही खरंच बोलली: ‘हे तरंगत आलं.’ का तरंगलं, हा पुढचा प्रश्न, आणि त्याच्या उत्तरात अख्खं माकूल सापडलं! शंखांचंही असंच...

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. शंख सोडतो. डंख झाला तर चोळू नका, लिंबू-वाळू लावू नका. तंतू चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. 2017 पासून ‘मरिन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेतात, त्यांच्याबरोबर जरूर जा. जीव सापडला तर बाटलीत भरून आणू नका. जागेवरच फोटो काढा, शेजारी मापाला पेन ठेवा. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि तिसरा चार पावलं मागे सरून, रेघ दिसेल असा. तारीख, वेळ, वारा लिहा. मागच्या रांगेतल्या बाई, तुमचा फोटो पाहिला. त्यात फक्त तळहात आहे. जीव नेमका कुठे होता?